अर्डिस आत्याला आजारी पाडल्याबद्दल

पोर्ट लॉरिमर,
नाताळनंतरचा रविवार

तीर्थरूप अर्डिस आत्या हिच्या पायांशी, तिच्या नजरेतून उतरलेला भाचा लॉइड याचा नमस्कार. (मान आठवडाभर खालीच आहे, त्यामुळे नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.)

दर नाताळच्या पत्रात पहिल्या ओळीत मी तुझी प्रकृती विचारतो आणि तू उलट टपाली ‘घोड्यासारखी’ असं एका शब्दात कळवतेस. या वर्षी ती ओळ लिहायला माझा हात धजत नाही. देवाच्या कृपेने तू ठणठणीत आहेस हे मला ठाऊक आहे, इतकं पक्कं ठाऊक आहे की या घडीला जपानमधल्याही काही लोकांना ते ठाऊक झालंय. तुझा गुडघा, तुझी पिवळी मांजर आणि चर्चमधली तुझी गाणारी मंडळी सुखरूप असोत. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे बायको खुशाल असावी, रोवेना माझ्याशी बोलत नाहीये, तेव्हा हे मी तिच्या चालण्यावरून सांगतोय.

पत्र लिहायला कारण, तू फोन उचलत नाहीस. शेवटचा उचललास तेव्हा एवढंच म्हणालीस, “लॉइड, मला झालं काय होतं, ते तरी सांग,” आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून दिलास. त्यानंतर मी रोज लावतो, तो वाजत राहतो, आणि प्रत्येक वेळी मला तुझं स्वयंपाकघर दिसतं, भिंतीवरचा तो हिरवा फोन दिसतो आणि त्याच्याकडे पाठ करून बटाटे सोलणारी तू दिसतेस. तुझा प्रश्न रास्त आहे. ज्या माणसाला आजारी पाडलं त्याला आजाराचं नाव तरी कळायला हवं. तर सगळं पहिल्यापासून सांगतो. तुझ्या दारात जे घडलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण ते तिथवर कसं येऊन पोचलं, ते मला एकट्यालाच माहीत आहे.

माझी नोकरी तुला कधी नीट कळली नाही, त्यात तुझा दोष नाही. हेरन्स, म्हणजे ‘बगळे’, या आमच्या बेसबॉल संघाच्या कचेरीत मी खेळाडूंच्या संसाराचं बघतो. नवा माणूस संघात आला की त्याला घर शोधून द्यायचं, पोरांना शाळा, बायकोला बरी केस कापणारी, कुत्र्याला डॉक्टर. चेंडूशी माझा काही संबंध येत नाही (आणि गेल्या काही वर्षांतला आमचा खेळ पाहता मैदानावरच्याही बऱ्याच जणांचा येत नसावा). तू आम्हाला एका पायावर झोपलेले बगळे म्हणतेस आणि रेडिओवर आमच्या वैऱ्यांचे, ड्रमर्सचेच सामने लावतेस, हे मी कचेरीत आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. ते लपवताना मला कधी लाजही वाटली नव्हती. तिथूनच सवय लागली असेल.

तर या हिवाळ्यात शुनपेई काजिवाराने अमेरिकेत यायचं ठरवलं. जपानमध्ये तो चेंडू टाकायला उभा राहिला की म्हणे बाजारातली दुकानं ओस पडतात. देशातले सगळे मोठे संघ त्याच्या मागे लागले. आमचे डॉर्सी साहेबही लागले (डॉर्सी म्हणजे संघाचे मॅनेजर, नील्स आतोबांच्या अंत्यविधीला यांनीच फुलं पाठवली होती आणि कार्डावर आतोबांच्या जागी तुझं नाव घातलं होतं). आम्हाला कुणालाच आशा नव्हती. बस चुकलेला माणूस उगाच हात हलवतो तशी आम्ही त्याला चिठ्ठी धाडली होती. आणि त्याच्याकडून उत्तर आलं की दोन दिवस येतो, मला तुमचं तळं बघायचंय. डॉर्सी साहेबांनी ते उत्तर मला उभं करून वाचून दाखवलं, मग बसवून वाचून दाखवलं, आणि म्हणाले, “लॉइड, या माणसाला इथे घरच्यासारखं वाटलं पाहिजे. कसंही करून.” आत्या, ‘कसंही करून’ हे त्यांचे शब्द आहेत. त्यांच्या आड लपायचा माझा विचार नाही, फक्त नोंदवून ठेवतोय.

विमानतळापासूनच ग्रह फिरले. सामन्यांत लोकांना हसवायला आमच्या बगळ्याचं सोंग घेणारा माणूस तापाने पडला होता आणि ते सोंग माझ्या अंगाला बरोबर बसतं, म्हणून ते मीच चढवलं होतं (रोवेना म्हणते पोटाकडे जरा जास्तच बरोबर). पाहुण्याला वाकून नमस्कार करतात हे मी वाचून गेलो होतो. काजिवारा दारातून बाहेर आला, उंच, शांत, खांद्याला साधी पिशवी. त्याच्यामागे त्याच्या दुभाष्या नागाओका बाई, करड्या कोटातल्या. मी पुढे झालो आणि मनापासून वाकलो. बगळ्याची चोच केवढी लांब असते हे आतून कळत नाही. ती सपकन खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर बसली. ज्या हातासाठी अर्धा देश रांगेत उभा होता, त्या हातावर. डॉर्सी साहेबांच्या तोंडून कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यावर येतो तसा आवाज आला. काजिवाराने बोटं एकेक करून मिटली, उघडली आणि जपानीत काहीतरी म्हणाला. नागाओका बाईंनी चेहरा न हलवता सांगितलं की पाहुणे म्हणतायत, पक्षी फार नम्र आहे.

त्या क्षणीच मला तो माणूस आवडला होता, आत्या. पुढे मी जे केलं ते न आवडणाऱ्या माणसाशी केलं असतं तर मला आज इतकं लागलं नसतं.

संध्याकाळी डॉर्सी साहेबांनी मेजवानी ठेवली होती. कुठूनसे विमानाने कच्चे मासे मागवले होते, ते कापायला खास माणूस मागवला होता, भिंतीवर भला मोठा पडदा लावून त्यावर आमच्या मैदानाचा सिनेमा लावला होता (त्यात प्रेक्षक भरगच्च दिसत होते, ते दुसऱ्याच कुठल्या मैदानातले होते). काजिवारा सगळं अदबीने बघत होता आणि काहीच खात नव्हता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. सवयीने विचारलं की पोट बरं नाही का, डॉक्टर बघू का. त्याने हळू आवाजात नागाओका बाईंना काही सांगितलं, त्यांनी त्याहून हळू मला. प्रत्येक गावात त्याला हेच मासे, असाच पडदा आणि असंच भाषण मिळालं होतं. इथल्या तळ्यातला मासा मिळतो का, असं तो विचारत होता.

त्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी तळ्यातला मासा कुठे मिळतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी त्याला आणि बाईंना घेऊन माजी सैनिकांच्या हॉलमध्ये गेलो. तिथली ती पंगत तू पाहिली आहेस, लांब टेबलं, कागदी ताटं, तळलेला पर्च मासा, कोबीची कोशिंबीर, काळा पाव. डॉर्सी साहेबही हातातला रुमाल तसाच घेऊन मागून धावत आले. काजिवाराने तीन ताटं खाल्ली. शेजारचा म्हातारा त्याला काटे कसे काढायचे ते दाखवत होता आणि काजिवारा, जो समुद्राकाठी वाढलाय, ते पहिल्यांदाच शिकल्यासारखं बघत होता. इतकं छान चाललं होतं. तिथेच मी उठून घरी जायला हवं होतं.

मग त्याने काटा खाली ठेवला आणि विचारलं. नागाओका बाईंनी भाषांतर केलं, “ते म्हणतात, सगळ्यांनी मला सांगितलं की जिंकलो तर किती लोक बघतील. तुमचा संघ तर हरतो. हरताना कोण बघतं?”

डॉर्सी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खरं उत्तर ‘कुणी नाही’ असं होतं, आणि ते मी दिलं असतं तर कदाचित तो आज आमचा असता, कारण त्याला खऱ्याची आवड आहे हे मला आता कळतंय. पण त्या टेबलाशी मला वाटलं, कुणीतरी असलं पाहिजे. मी म्हणालो, माझी आत्या.

इथवर पाप मोठं नव्हतं. मी म्हणालो, ती म्हातारी आहे, विधवा आहे, रेडिओ ऐकते. हे तिन्ही खरं आहे. संघाचं नाव फक्त बदललं. पण तो पुढे झुकून ऐकायला लागला, आणि आत्या, माझं बोलणं आजवर कुणी असं झुकून ऐकलेलं नाही. घरी नाही, कचेरीत तर नाहीच. मी आधी तुला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. मग तुझ्या मांडीवर शाल टाकली. शाल टाकल्यावर तू बारीक दिसायला लागलीस, म्हणून पलंगावर निजवलं. नील्स आतोबांना मी हेरन्सचे भक्त केलं (त्यांनी मला क्षमा करावी, हयातीत ते आमचं नाव घेतलं की रेडिओ बंद करायचे). नंतर तुझ्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. नागाओका बाईंना त्या नळीचा जपानी शब्द आठवेना, त्यांनी तो शोधून काढला, आणि तेवढा वेळ मी गप्प राहिलो. थांबायला ती एवढी फुरसत मला मिळाली होती. ती मी डॉक्टरला मान हलवायला लावण्यात घालवली. सरतेशेवटी तुझी एकच इच्छा उरली, काजिवारा हेरन्सकडून चेंडू टाकतोय हे एकदा रेडिओवर ऐकायचं. वाढणारी बाई कोशिंबिरीचं भांडं धरून रडत होती. डॉर्सी साहेब विमानाने आलेल्या मेजवानीच्या रुमालात रडत होते. खरं सांगतो, मलाही हुंदका आला. तू इतक्या वाईट अवस्थेत होतीस.

काजिवारा रडला नाही. त्याने स्वतःच्या आजीचं सांगितलं. तिनेच त्याला वाढवलं होतं. तिला दिसत कमी होतं, म्हणून तीही रेडिओवरच ऐकायची. मोठ्या स्पर्धेत तो खेळत असताना ती गेली, आणि त्याचं लक्ष उडू नये म्हणून संघातल्या लोकांनी सामना संपेपर्यंत त्याला सांगितलं नाही. तो सामना त्याने जिंकला होता. लोक अजून त्या सामन्याबद्दल त्याचं अभिनंदन करतात, असं नागाओका बाई म्हणाल्या, आणि मग ते वाक्य त्याचं होतं की त्यांचं, हे मला कळलं नाही.

त्याने विचारलं, आत्या कुठे राहते. मी व्हॅलग्रेनचं नाव सांगितलं. अख्ख्या संध्याकाळभरात खोटं सांगायचं नेमकं तेवढं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदान दाखवायचं होतं. बर्फ झाडून, झेंडे लावून आम्ही सगळे ओळीने उभे. काजिवारा आलाच नाही. हॉटेलवर निरोप होता की ते दोघं भाड्याची गाडी घेऊन आजारी आजींना भेटायला गेलेत, मैदान नंतर पाहू, मैदान कुठे जात नाही. डॉर्सी साहेबांचा चेहरा उजळला. ते मला म्हणाले की लॉइड, तुझ्या आत्याने तेवढी दोन दिवस कळ काढली तर आपलं काम झालं. मी हो म्हणालो आणि फोनाकडे पळालो. तू उचलला नाहीस. (तेव्हा तू रागावलेली नव्हतीस, नुसती बाहेर बर्फ उपसत होतीस. तुझ्या वयाच्या बायका अशा वेळी घरात असतात, आत्या.) मग गाडी काढून त्यांच्यामागे निघालो.

माझ्या नशिबाने पुढे रस्त्यावरचं बर्फ काढणारी गाडी लागली. ती मुंगीच्या पावलाने जाते आणि तिला ओलांडता येत नाही. तिचा ड्रायव्हर भला माणूस, आरशात मला बघून मधून मधून हात करायचा. त्याला वाटलं असेल मी सोबतीला येतोय. अख्खा रस्ता मी त्याच्यामागे मनातल्या मनात तुला बरी करत गेलो. कुठली औषधं अचानक लागू पडतात, कुठले आजार संध्याकाळी असतात आणि सकाळी नसतात, याचा मी जितका विचार केला तितका एखाद्या डॉक्टरनेही केला नसेल.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही आणि मला ते सगळ्यात जड जातंय. मी व्हॅलग्रेनला पोचलो होतो. गिरणीपाशी वळणावर त्यांची गाडी समोरून आली. नागाओका बाई चालवत होत्या, काजिवारा शेजारी बसून चांदीच्या कागदातून तुझ्या हातचं लेफ्से, ती बटाट्याची मऊ पोळी, खात होता. त्या दोघांनी मला पाहिलं नाही. तिथून तुझं धुरांडं दिसत होतं, धूर सरळ वर जात होता. मी गाडीत बसून तो धूर बघितला आणि गाडी वळवली. तुझ्या दारापर्यंत आलो नाही. एवढंच. त्याला काही कारण देता येत नाही.

तुझ्या घरी काय झालं ते मला त्याच रात्री नागाओका बाईंनी सांगितलं, त्यांच्या त्या सरळ, न चढणाऱ्या आवाजात. तुला ते वेगळं आठवत असेल तर तुझंच खरं. त्या म्हणाल्या, त्यांची गाडी थांबली तेव्हा छपराला शिडी लावलेली होती आणि वर ड्रमर्सची निळी टोपी घातलेल्या एक बाई फावड्याने बर्फ लोटत होत्या. त्यातला एक ढीग काजिवाराच्या बुटांवर पडला. त्यांना वाटलं या शेजारीण असतील. काजिवाराने वर बघून, हातात आजारी माणसासाठी आणलेलं, लाकडी पेटीतलं ते खरबूज धरून, विचारलं की आजी आत निजल्या आहेत का. कुठल्या आजी, असं तू विचारलंस. लॉइडच्या आजारी आत्या, असं बाईंनी सांगितलं. तू फावडं टेकून उभी राहिलीस. खरबुजाकडे पाहिलंस, त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलंस. मग शिडीवरून खाली उतरलीस आणि म्हणालीस, “मीच ती. आज सकाळीच बरी झाले.”

आत्या, मी सात वर्षांचा असताना शेजारच्यांच्या काचेबद्दल खोटं बोललो तेव्हा तू मला अंधारात त्यांच्या दारी नेऊन उभं केलं होतंस. तुझ्या तोंडून खोटं कधी बाहेर पडल्याचं मला माहीत नाही. ते एक वाक्य तू माझ्यासाठी बोललीस, काही न विचारता, शिडीच्या पायाशी.

बाई म्हणाल्या की तू त्यांना आत नेलंस, सूप दिलंस, लेफ्सेवर लोणी-साखर घालून दिलीस. काजिवाराने पिशवीतून तो लोकरीचा पट्टा काढला. पोटाला बांधायचा, त्याच्या आजीने विणलेला, थंडीत खेळताना तो कपड्यांच्या आत बांधतो तो. तो त्याने दोन्ही हातांनी तुझ्यापुढे धरला. तू चमचा खाली ठेवलास आणि सांगून टाकलंस की मला गेल्या कित्येक वर्षांत साधी सर्दी झालेली नाही, हेरन्स मला फुटक्या डोळ्यांनी बघवत नाहीत, आणि माझा भाचा वाईट नाही पण घाबरट आहे, घाबरला की त्याची जीभ सुटते. पट्टा तू परत त्याच्या हातात ठेवायला गेलीस. त्याने तो घेतला नाही. म्हणाला, आजार खोटा असला तरी थंडी खरी आहे, असू द्या.

मग म्हणे त्याने विचारलं की तुम्ही कुणाला ऐकता. ड्रमर्सना, तू म्हणालीस. ते हरले तर? तर रेडिओला शिव्या देते.

“मी तिथे खेळलो तर मलाही द्याल?”

“वाईट टाकलास तर देईन.”

नागाओका बाई म्हणाल्या, इतक्या दिवसांच्या प्रवासात तो पहिल्यांदा मोठ्याने हसला, आणि त्यांना हसण्याचं भाषांतर करावं लागलं नाही म्हणून त्याही हसल्या.

रविवारी सकाळी मी विमानतळावर गेलो, या वेळी माणसाच्या कपड्यांत. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल. तो थांबला आणि माझ्याशी बोलला, सावकाश, बाईंना सांगायला वेळ देत. “सगळा रस्ता मी देवाला विनवत होतो की या वेळी उशीर होऊ नये. त्यांनी माझ्या बुटांवर बर्फ टाकला आणि त्याच त्या, असं कळलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की रागवायचं राहून गेलं. राग मला परतीच्या वाटेवर आला. तो अजून आहे.” मग तो वाकला, बेतशीर, आणि गेला. नागाओका बाई एक पाऊल मागे राहिल्या. म्हणाल्या की मी इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं बोलते, पण तुमचं ते शुक्रवारचं मी माझ्या आवाजात बोलले आहे, आणि ते मला परत करता येत नाही. मला वाटतं आत्या, मी तोंडावर चप्पल खाल्ली असती तरी इतकं लागलं नसतं.

बाकी तू रेडिओवर ऐकलंच असशील. तो ड्रमर्सकडे गेला. सगळे विचारत होते की का, तर एका आजींना शिव्या द्यायची सोय व्हावी म्हणून, असं तो म्हणाला आणि नाव सांगितलं नाही. ड्रमर्सच्या मॅनेजरना अजून कळलेलं नाही की हा विनोद होता की नवस. इथे डॉर्सी साहेबांनी मला बोलावून घेतलं. काजिवारा हातचा गेला याचं त्यांना दुःख होतंच, पण खरा संताप वेगळाच होता. माशांच्या पंगतीत, वाढणाऱ्या बाईसमोर ते तुझ्यासाठी रडले होते आणि तुला साधा खोकलाही नव्हता, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांनी मला काढलं नाही. यंदाचा सगळा हंगाम मी बगळ्यात काढायचा आहे. मी तक्रार केली नाही. आत तोंड दिसत नाही, ही त्यातल्या त्यात सोय आहे.

कचेरीतले लोक मला बघून आपल्या आत्यांची तब्येत विचारतात. रोवेनाचं वर सांगितलंच, ती बोलत नाही. म्हणते की आज आत्या, उद्या मी. मला तिला सांगायचंय की तुला मी कधी आजारी पाडणार नाही, पण असं वचन मोठ्याने कसं द्यायचं ते कळत नाही.

मी माफी मागतो, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. तू माझ्यासाठी बोललीस त्या वाक्याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. तू ते परत घेतलंस, मला तेही जमलं नाही. मला एवढंच सांगायचं होतं की ते मला कळलंय, आणि तुला कळावं की मला कळलंय. यापलीकडे या पत्रात माझं काही मागणं नाही.

मांजरीला कुरवाळ. छपरावर चढू नकोस, असं लिहायचा मला आता अधिकार नाही, तरी चढू नकोस.

तुझा,
आणि तू नको म्हणालीस तरी तुझाच,
लॉइड

ता. क. वर मागणं नाही असं लिहिलंय ते माझ्यापुरतं खरं आहे. डॉर्सी साहेबांचं एक आहे. मी ते पत्रात घालणार नव्हतो, पण ते सकाळपासून तिसऱ्यांदा दारात येऊन गेले. पुढच्या महिन्यात डॉमिनिकन रिपब्लिकहून एक खेळाडू आमच्याकडे येतोय, मोठा फटके मारणारा, त्याच्याही मागे सगळे लागलेत. डॉर्सी साहेबांचं म्हणणं असं की काजिवाराने एका आजींमुळे संघ निवडला, म्हणजे आजी हा उपाय लागू पडतो, आपण फक्त तो चुकीच्या बाजूने वापरला. तर त्या खेळाडूला तुझ्याकडे एक दिवस जेवायला आणू का, असं त्यांनी विचारायला सांगितलंय. तुला आजारी पडावं लागणार नाही. ते अगदी ठासून म्हणाले, “या वेळी बाई ठणठणीतच पाहिजेत.” निळी टोपी तेवढी दिवसभर कपाटात ठेवता आली तर बरं, असंही म्हणाले. हे लिहिताना मला किती लाज वाटतेय ते मी लिहीत नाही, कारण या पत्रात लाजेसाठी आता जागा उरलेली नाही आणि तुझा विश्वासही उरला नाही.

ता. क. वरचं मागणं साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं. खालचं माझं आहे. तू नाहीच म्हणणार आणि नाहीच म्हणायला हवं. फक्त ते पत्राने कळवू नकोस. फोनवर म्हण. जितक्या मोठ्याने म्हणायचं तितक्या मोठ्याने म्हण, ड्रमर्सच्या वाईट चेंडूला म्हणतेस तसं. मी रोज संध्याकाळी फोनापाशीच असतो.